पालथा ग्लास

एकाच हॉटेलात वर्षानुवर्षं नाश्ता केला की किस्से इडलीच्या पिठासारखे आपोआप फुगतात. परभणी स्टेशनजवळच्या आमच्या जुन्या उडपी हॉटेलातले बहुतेक किस्से एकाच माणसाचे, कृष्णण्णा वेटरचे. कापडवाला बळीराम, भुसारवाले शिवलिंगअप्पा, रिटायर्ड गुरुजी आणि मी, ज्याची त्याची खुर्ची ठरलेली. आम्ही यायच्या आधीच कृष्णण्णा प्रत्येकाच्या जागेवर पाण्याचा ग्लास भरून ठेवायचा.

*

एकदा पाचवा ग्लास दिसला. "अण्णा, हिसाब चुकला का?" बळीरामनं छेडलं. तेवढ्यात झरीहून बळीरामचाच मेव्हणा दारात हजर, तोही न कळवता! कृष्णण्णा एवढंच म्हणाला, "सांबार गरम आहे, बसा."

*

गुरुजींचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. टेस्ट घ्यायची म्हणून त्यांनी गुपचूप दांडी मारली. त्यांच्या जागेवर ग्लास पालथा! दुसऱ्या दिवशी कळल्यावर म्हणाले, "योगायोग." पण डोसा अर्धाच खाल्ला.

*

मग एका सकाळी आम्ही सगळे हजर, तरी बळीरामच्या पुढ्यात ग्लास पालथा.

"आरं अण्णा, मी बसलोय की हितं!" बळीराम हसला. स्वतःच ग्लास सुलटा करून पाणी मागवून प्याला.

संध्याकाळी गंगाखेड रोडवर त्याची मोटरसायकल उसाच्या ट्रॉलीवर आदळली. त्याची ती खुर्ची आजही बघवत नाही.

*

तेव्हापासून आत शिरताना आम्ही आधी ग्लास बघतो, मग एकमेकांकडे.

एकदा मी विचारलंच, "अण्णा, तुम्हाला कळतं तरी कसं?"

"मला काही कळत नाही," तो फडकं पिळत म्हणाला. "हात थांबतो."

*

उद्या नांदेडला अप्पांचं हार्टचं ऑपरेशन आहे. आज सकाळी हट्टानं आले. नाश्ता हे निमित्त, त्यांना ग्लास बघायचा होता.

तिन्ही ग्लास काठोकाठ भरलेले! अप्पांचे डोळे पाणावले. "आता मला काय होत न्हाई बघा. लय भूक लागली, इडली सांगा!"

पहिला घास तोंडाशी नेला, तर मालक गल्ल्यावरून म्हणाले, "पाणी आज मीच ठेवलंय हो. अण्णा गावाहून यायलाय, गाडी लेट हाय."

अप्पांचा घास हातातच राहिला.

तेवढ्यात कृष्णण्णा आला, खांद्याला पिशवी तशीच. थेट आमच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. अप्पांनी डोळे गच्च मिटले.

अप्पांच्या ग्लासला त्यानं हातही लावला नाही. माझा उचलला, बेसिनमध्ये रिकामा केला आणि माझ्यापुढे पालथा ठेवला.