फोनमधली आक्का

परभणीला हॉस्टेलवर राहायला लागल्यापासून मी भुताचे पिक्चर बघायला शिकले. खोलीतल्या मुली मोठ्यानं किंचाळायच्या आणि मग हसायच्या. मला ते जमत नव्हतं. मी पाय जवळ घेऊन गप्प बसायचे. त्यातला एक पिक्चर दिवाळीत बारक्या बहिणीसोबत मोबाईलवर पुन्हा पाहिला. तिचाच हट्ट होता.

त्यात एक एकटा मुलगा असतो. त्याच्या फोनमध्ये काहीतरी राहत असतं. आधी ते त्याच्याशी खेळतं, मग त्याच्या आईच्या आवाजात फोन करून त्याला घराबाहेर बोलावतं. बारकीनं डोळे मिटले नाहीत. संपल्यावर एवढंच विचारलं, "त्याच्याकडं मेंढरं न्हवती का?"

"शहरात कुठली मेंढरं?"

"म्हणून फसला की त्यो."

मला ते पटलंच. आम्ही मेंढपाळ; आमच्यात मेंढरांना हाक मारायची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. वडिलांची, आबांची, तुटक; माझी लांबट, शेवटी वर चढणारी. पुढं चालणारी म्हातारी मेंढी घरच्याच हाकेला वळते आणि तिच्यामागं कळप. परक्यानं कितीही नक्कल केली तरी ती मान वर करत नाही.

नंतर थंडीतल्या एका रविवारी मी चुडाव्याला रेल्वेतून उतरून घरच्यांच्या तळाकडं चालले होते. वेचणी झालेल्या कापसाच्या शेतात आमची मेंढरं उतरली होती. वाटेतच अनोळखी नंबरवरून फोन आला. आबा होते. पूर्णेत औषधाच्या दुकानातून बोलत होते, कारण घरचा फोन बारकीजवळ होता. आई बाजाराला गेलेली, मेंढरांजवळ बारकी एकटीच.

"बांधापलीकडच्या हरभऱ्यावर सकाळीच जहर फवारलंय. त्या शेताचा मालक हितं दुकानात भेटला म्हणून कळलं. बारकी माझा फोन कट करायली. तू लाव लौकर."

मी लावला. खूप वेळ वाजला, मग उचलला.

"बारके, मेंढरं मागं घे. हरभऱ्यात जाऊ देऊ नको."

पलीकडं फक्त श्वास.

"ऐकायलीस का?"

"तू कोन हाईस?"

"आक्का बोलायलेय."

"मघाशी आबांच्या आवाजात बी हेच म्हणलं. आई म्हणलीय, हितनं हलू नको." तिचा आवाज बारीक झाला होता. "आक्का असशील तर हाक मार. म्हातारीच्या कानाला लावते फोन."

रस्त्यात उभी राहून मी हाक मारली. माझी, लांबट. पुन्हा मारली. पलीकडं मेंढीचं चघळणं ऐकू येत होतं.

"वळली न्हाई ती," बारकी म्हणाली आणि फोन बंद झाला. मग लागलाच नाही.

मी पळाले. पिशवी कालव्याच्या पुलावरच टाकली. शेत दिसलं तेव्हा पुढची मेंढरं बांधावर चढलेली होती. पलीकडं हरभरा हिरवागार. तोंड उघडलं, पण धाप लागून हाक फुटेना. दुसऱ्यांदा फुटली.

म्हातारीनं मान वर केली. मग वळली. बांधावरची मेंढरं एकेक करून खाली उतरली.

बारकी मात्र दोन्ही हातांत काठी धरून उभी होती. "मोबाईल खाली ठेव आधी."

मी तो गवतात ठेवला. तेव्हा ती आली आणि माझा दंड धरला. नखं रुतली.

"हरभऱ्यात तोंड घातलं का कुणी?"

"न्हाई. बांधावरचं गवतच खायली व्हती."

गवतात मोबाईल वाजला. पूर्णेचाच नंबर. मी उचलला.

"वळली का मेंढरं?"

आबाच होते. मला माहीत होतं. तरी बोलायच्या आधी मी क्षणभर थांबून आवाज ऐकला.

"हाक मारायला सांग," बारकी कुजबुजली.

"आबा, एक हाक मारता का?"

"हितं? दुकानात?" ते म्हणाले. पण मारली. कुणीतरी मागं हसलं.

आम्ही दोघी म्हातारीकडं बघत होतो. ती चरत राहिली.

"माझी हाक तरी कुठं कळली होती तिला फोनमधून," मी म्हटलं. "आणि मी मीच होते."

बारकीची दंडावरची बोटं थोडी सैल झाली, पण तिनं दंड सोडला नाही. आबा पलीकडून विचारतच होते, तेव्हा मी सांगितलं, वळली.