पानाखालचे कोळी

पद्मिनीकाकू गांजाच्या ग्रीनहाउसमध्ये नोकरी करतात हे कळल्यावर आमच्या शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या मराठी बायकांनी आधी कान टवकारले आणि मग त्यांना हळदीकुंकवाला बोलावणंच बंद केलं. सरकारी परवान्याची जागा, पण यांना वाटायचं काकू तिथे चिलमीच भरून देतात. माझं डोकं फिरायचं. अकोल्यात वीस वर्षं कीटकशास्त्र शिकवलेली ही बाई इथे भिंग घेऊन पानं तपासायची.

कोळी ही कीड टाचणीच्या टोकाहूनही बारीक. पानावर पांढुरके ठिपके पडले की लोकांना वाटतं, खत कमी पडलं. काकू पान उलटून बघायच्या. कीड लवकर सापडली तर तिला खाणारे दुसरे कोळी झाडावर सोडता येतात. पण फुलं धरल्यावर औषध मारायची सोय नाही, कारण माणसं तीच फुलं ओढणार. मग उपटून फेकायचं.

कीड कपड्यांवरूनही येते, म्हणून तिथे कडक नियम होता: कामगाराच्या घरी एकही झाड नको. काकूंच्या घरी मोगरा होता. त्यांचे यजमान जगन्नाथकाका अर्धांगवायूने चार वर्षं अंथरुणावर, आणि खिडकीतल्या त्या कुंडीवर त्यांचा फार जीव. "एका कुंडीनं काय होतंय!" काकू म्हणायच्या. दुसरं कोणी असं म्हणालं असतं तर त्यांनी त्याला फाडून खाल्लं असतं.

फेब्रुवारीत फुलावर आलेल्या झाडांच्या एका अख्ख्या खोलीत कोळ्यांची जाळी दिसली. काकूंनी तीन दिवस नवी रोपं, ट्रॉल्या, हातमोजे, सगळं पालथं घातलं. चौथ्या दिवशी घरी मोगऱ्याचं पान उलटलं. काखेत कळसा नि गावाला वळसा! पाठीवर दोन काळे ठिपके असलेले तेच कोळी.

कुंडी त्याच संध्याकाळी कचऱ्यात गेली. काकांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने एकेकाला विचारलं, घरी झाड आहे का? काकू नाही म्हणाल्या. सहा वर्षं त्यांच्याबरोबर त्याच रांगांत राबलेली मारिसोल हो म्हणाली. स्वयंपाकघरात मिरचीचं एक रोप होतं तिच्या. दुपारी तिला काढून टाकलं.

काकूंनी हे मला सांगितलं तेव्हा मी भडकले. "काकू, आत्ताच्या आत्ता मॅनेजरला कॉल करा!"

"आणि माझा जॉब गेला तर? इन्शुरन्स त्यावरच आहे. ह्यांची थेरपी तू करणार आहेस?"

मी विषय सोडला. राग मात्र गेला नाही.

आठवड्याने काकूंना मारिसोलचा फोन आला. दुसरीकडे अर्ज केला होता, तिथे ओळखीसाठी काकूंचं नाव दिलं तर चालेल का? "माझं काम तुमच्याइतकं कुणालाच माहीत नाही," ती म्हणाली. काकू लगेच हो म्हणाल्या.

तिथून मारिसोलबद्दलचा फॉर्म ईमेलवर आला. काकूंचे फॉर्म नेहमी मीच भरून द्यायची, म्हणून त्यांनी लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. मेहनती, वेळेवर येणारी, विश्वासू, काकू भराभर सांगत गेल्या. शेवटचा प्रश्न होता, आधीची नोकरी का गेली?

"तिची काही चूक नव्हती," काकू म्हणाल्या. मी ते टाइप केलं. त्यांनी ते वाक्य स्क्रीनवर पुन्हा वाचलं.

"असं लिहिलं तर मग चूक कोणाची, असं विचारतील गं. खोड ते."

मी खोडलं.

"लिही, घरी झाड ठेवलं. तिच्यामुळे कीड आली."

मी लिहिलं, आणि पाठवूनही दिलं.