फुकटचे पाव

परवा बदनापूरच्या बेकरीवरून जाताना खमिराचा आंबूस वास आला आणि माझी मान आपोआप खाली गेली. काही वर्षांपूर्वी आम्ही सगळे जालन्याला हॉटेलात जेवायला गेलो होतो, तेव्हा सूपबरोबर गरम छोटे पाव आणि लोणी फुकट आलं. आजारपणापासून अन्नाला नको म्हणणाऱ्या सासऱ्यांनी चार पाव खाल्ले. धाकट्या जावेनं ते पाहिलं, मोबाइलवर बघून ती शिकली आणि आठवड्याभरात शिटी काढलेल्या कुकरमध्ये तसेच तांबूस, मऊ पाव भाजले. "हाटेलच्या फुकट पावाहून भारी झालेत की गं पोरी!" सासरे म्हणाले. बारा वर्षं मी त्यांना रोज भाकरी थापून घालत होते, असा शब्द मला कधी मिळाला नव्हता. ते मला फार झोंबलं. पुढच्या खेपेला मळलेली कणीक ओल्या फडक्याखाली उन्हात ठेवून जाऊ आंघोळीला गेली, तेव्हा मी त्या कणकेत मूठभर मीठ मळलं आणि फडकं होतं तसं झाकलं. पाव फुगलेच नाहीत. सासऱ्यांनी पहिलाच घास ताटात काढला. "ताई, माझ्याच हातून मीठ दोनदा पडलं वाटतं," जाऊ रडवेल्या आवाजात म्हणाली. "होतं असं," मी म्हणाले आणि घाईनं गरम भाकरी घेऊन सासऱ्यांकडे गेले. "राहू दे, आता भूक न्हाई," म्हणून त्यांनी ताट सरकवलं. त्या दिवशी ते उपाशीच राहिले. जावेला मी हे अजून सांगितलेलं नाही. लाज वाटते, पण घरात कुणी तिचं कौतुक केलं की मला आजही तितकंच झोंबतं.