पडदे कुणी चोंदवले

सोमवारी सकाळी लगदा कारखान्याच्या फाटकाजवळच्या फलकावर नोटीस लागली, आणि मावशीने ती उभ्याउभ्या तीनदा वाचली. "अर्क विभागातील ऑपरेटरच्या निष्काळजीपणामुळे सहा पडदे निकामी झाले आहेत." नाव लिहिलं नव्हतं. लिहायची गरजच काय? विभागात ऑपरेटर दोन, त्यातला एक महिनाभर रजेवर. राहिली कोण? कामावर येणारा प्रत्येक जण आधी फलकाकडे बघायचा, मग तिच्याकडे.

एकोणीस वर्षं ती त्या विभागात होती. कारखान्यात लाकडाचा लगदा व्हायचा, आणि लाकडावरून सोललेल्या सालींचा गरम पाण्यात काढा काढला जायचा. तो घट्ट करून प्लायवूडच्या डिंकासाठी विकत. पूर्वी तो उघड्या कढयांत आटवायचे. वाफेने जीव नकोसा व्हायचा, आणि जरा नजर हटली की अख्खा घाणा करपायचा. मग पडदे आले. कागदासारखे पातळ पडदे नळीभोवती घट्ट गुंडाळलेले, आणि अशा सहा गुंडाळ्या एका लांब पाइपात एकापुढे एक बसवलेल्या. पंपाने काढा ढकलला की पाणी पडद्यापलीकडे निघून जायचं, अर्क अलीकडे राहायचा. ना जाळ, ना करपणं. मावशीला ते यंत्र पोटच्या पोरासारखं झालं होतं. रोज पाळी संपताना सोड्याच्या कोमट पाण्याने ते धुतल्याशिवाय तिने आपणहून कधी घरचा रस्ता धरला नाही.

आणि तिला म्हणे निष्काळजी!

खरं काय झालं ते असं. बाहेरून बडी मंडळी कारखाना बघायला येणार होती. त्याआधी टाक्या अर्काने भरलेल्या दिसाव्यात म्हणून मॅनेजर साहेब तिच्या केबिनमध्ये आले.

"मावशी, चार दिवस धुलाई बंद ठेवा. आणि पंपाचा वेग वाढवा."

"साहेब, धुतलं नाही तर पडद्यावर साय धरते. वर जोर लावला की ती घट्ट बसते. पडदे जातील."

"तुम्हाला विचारलं नाही, सांगितलंय."

"मी नाही वाढवणार."

साहेबांनी मग धुलाईचा सोडा कुलपात ठेवला, आणि स्वतः जाऊन पंपाचा वेग वाढवला. टाक्या भरल्या, पाहुणे येऊन माना डोलवून गेले. चौथ्या दिवशी पलीकडून येणारं पाणी करंगळीएवढ्या धारेवर आलं, पाचव्या दिवशी थेंबांवर. आणि अहवालात काय लिहिलं? काढा पंपात जाण्याआधी ज्यातून गाळतात त्या गाळणीचं फाटकं कापड ऑपरेटरने बदललं नाही, त्यामुळे सालींचा चुरा आत जाऊन पडदे चोंदले. खाली तिच्या सहीसाठी जागा सोडलेली. तिने कागद परत सरकवला, तेव्हा नोटीस लागली.

घरी ती आणि तिची नणंद, दोघीच राहत. नणंद शिलाई करायची. त्या संध्याकाळी मावशीने पिशवी आपटली, चपला आपटल्या, आपटण्यासारखं आणखी काही उरलं नाही तेव्हा बसली.

"सही करून मोकळी हो ना वहिनी," नणंद म्हणाली. "नोकरीची चार वर्षं राहिलीत तुझी. कशाला साहेबांशी वाकडं घेतेस?"

"म्हणजे मी न केलेलं केलं म्हणू?"

"तसं नाही गं. तू निष्काळजी असतीस तर माझं आयुष्य सुखात गेलं असतं. चहाची गाळणी दोनदा धुतेस, मी धुतलेली तिसऱ्यांदा धुतेस!" नणंदेने दोरा दाताने तोडला. "पण सिद्ध कसं करणार? मेलेल्या माणसाचं निदान पोट फाडून बघतात, कशाने मेला ते."

मावशी तिच्याकडे बघतच राहिली.

दुसऱ्या दिवशी ती थेट मोठ्या साहेबांच्या दारात उभी राहिली. "मला माझे पडदे कापून बघायचेत. तुमच्यासमोर."

दुपारी वर्कशॉपमध्ये सगळे जमले. फिटरने करवत हातात घेतली, तोच मॅनेजर साहेब पुढे आले. "कंपनीच्या वस्तूला करवत लावायची नाही."

"निकामी झालेत असं फाटकावर तुम्हीच लिहिलंत ना?" मावशी म्हणाली. "मग निकामी वस्तू कापली तर कुणाचं काय बिघडतं?"

मोठ्या साहेबांनी मान हलवली. पहिली गुंडाळी उभी चिरली, पडदे टेबलावर पसरले. मावशीने त्यावरून बोट फिरवलं आणि ते मोठ्या साहेबांपुढे धरलं. बोटावर गुळगुळीत तपकिरी चिकटा होता.

"गाळणीचं कापड फाटकं असतं तर सालींचा चुरा याच गुंडाळीच्या तोंडाशी अडकला असता, काढा आधी इथे येतो. दाखवा मला एक तरी कण. ही नुसती साय आहे, साहेबांनी चार दिवस धुलाई बंद ठेवल्याची. आता शेवटची गुंडाळी बघा."

शेवटच्या गुंडाळीचे थर एका बाजूने चार बोटं बाहेर सरकले होते, सुरळी मधूनच ढकलावी तसे.

"चोंदलेल्या पडद्यांवर जोर लावल्याशिवाय हे होत नाही. हा जोर कुणी लावला?"

"तांत्रिक कारणं अनेक असू शकतात," मॅनेजर साहेब म्हणाले.

तेव्हा कुठे फिटरच्या तोंडाला वाचा फुटली. "सोडा साहेबांनीच कुलपात ठेवला, वेगही त्यांनीच वाढवला. मी तिथेच होतो."

आता मावशीचा पारा खरा चढला. "तिथे होतास? मग मी फाटकावर तोंड लपवत येत होते तेव्हा तुझ्या तोंडात काय होतं? आज करवत हातात आली म्हणून आठवलं?" फिटरने मान खाली घातली. तिने त्याला ना तेव्हा माफ केलं ना नंतर.

नोटीस गुरुवारी गुपचूप निघाली. मॅनेजर साहेबांची दुसऱ्या विभागात बदली झाली, तीही आधीपेक्षा मोठ्या खोलीत. कुणी चूक कबूल केली नाही. वर मोठ्या साहेबांनी तिला बोलावून गोड आवाजात सांगितलं, की दुसऱ्या कारखान्यातही असेच पडदे बसवलेत, तिथल्या लोकांना तिने शिकवावं.

"शिकवीन. आधी फाटकावर नोटीस लावा, की चूक माझी नव्हती."

"मावशी, विषय संपला ना आता."

"तुमचा संपला. लावायची चारचौघांत आणि काढायची चोरून? तीन दिवस ती होती, तीन दिवस ही राहू दे."

नोटीस लागली. एकच ओळ होती : पडदे निकामी होण्यास ऑपरेटर जबाबदार नाही. मग कोण जबाबदार, याबद्दल अवाक्षर नाही. मावशीने वाचली, "भित्रे मेले," म्हणाली, आणि कामाला लागली.

महिन्याभराने ती शिकवायला गेली. समोर अकरा ऑपरेटर बसले होते. तिने धुलाई शिकवली, दाबाचा काटा कसा वाचायचा ते शिकवलं. शेवटी एकीने विचारलं, "पण मावशी, साहेबच वेग वाढवा म्हणाले तर?"

"नाही म्हणायचं. आणि चार माणसांसमोर म्हणायचं. मी केबिनमध्ये एकटीच म्हणाले होते."