पडायला शिकवणाऱ्या बाई

शमीमबाईंनी पहिल्याच दिवशी माझ्या लेकीला ढकललं, तेही माझ्या डोळ्यांदेखत. वर्गाच्या कोपऱ्यात जुनी गादी अंथरली, कुंदाला गुडघ्यांवर उभं केलं आणि पाठीमागून हलकेच धक्का दिला. कुंदा तोंडावर आपटली. मी ओरडले.

"अहो बाई, मारताय की काय पोरीला?"

"आधी पडायला शिकू दे, ताई. चालायचं मग बघू."

शमीमबाई चाकणच्या एका गॅरेजवाल्याची मुलगी, मुंबईला शिकून आलेल्या. दर मंगळवारी आमच्या चिंचवडच्या शाळेत यायच्या. त्यांच्या कामाचं ऑक्युपेशनल थेरपी हे नाव काही आमच्या जिभेवर बसलं नाही. आम्ही आपलं 'व्यायामाच्या बाई' म्हणायचो. जन्मापासून हातपाय आखडलेल्या कुंदाच्या बोटांत मावावी म्हणून त्यांनी पेन्सिलीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून दिला, ते मला फार आवडलं. हे ढकलणं मात्र बघवत नव्हतं.

हेडमास्तरांनी बजावलंच होतं, "शाळेत पडून पोरीला काही झालं, तर तिचं नाव पटावरून काढावं लागेल. जबाबदारी कोण घेणार?" तिला घेणारी दुसरी शाळा नव्हती. ह्यांची कंपनीत शिफ्ट, म्हणून मीच दिवसभर व्हरांड्यात बसायची. कुंदा जरा डुलली की धावत जाऊन धरायची. बाई चिडायच्या.

"तुम्ही धरता, म्हणून तिचे हात पुढे येत नाहीत. किती वर्षं धरणार?"

माझ्यामागे हिचं काय, ही धास्ती तर पोळ्या लाटतानासुद्धा सुटत नव्हती. त्यात बाई रोखठोक. गादी गेली, सतरंजी आली. सतरंजी गेली, उघडी फरशी आली. "हात पुढे, हनुवटी वर!" हे ऐकलं की मी डोळे मिटून घ्यायची.

एका मंगळवारी मधल्या सुट्टीत कुंदा काठी टेकत पटांगणातून येत होती. हेडमास्तर दारातच उभे. पळत आलेल्या एका मुलीचा तिला धक्का लागला. मी झेपावले, तोच बाईंनी माझं मनगट पकडलं.

"थांबा."

कुंदा पडली. पण हात पुढे, हनुवटी वर.

"लागलं का गं?" हेडमास्तर ओरडले.

"नाही सर." तिने परकराला माती पुसली आणि काठीकडे सरकली. ते आत गेले. नाव काढायचा विषय पुन्हा निघाला नाही.

माझं मनगट मात्र सुटेना. वळून पाहिलं, तर शमीमबाईंचे ओठ पांढरे पडलेले.

"बाई, तुम्हाला पण भीती वाटते?"

"रोज वाटते. तुम्ही निदान ओरडून तरी मोकळ्या होता, ताई. मला हसत उभं राहावं लागतं."

पुढच्या वर्षी लग्न होऊन त्या सोलापूरला गेल्या. कुंदा नंतरही पडत राहिली, मी घाबरत राहिले. फक्त जागची हलले नाही.