पोराला रंगूनला नेणारा आजा

धानाचे चार दाणे तो तोंडात टाकायचा, एक डोळा मिटायचा आणि मान तिरपी करून स्वतःच्याच तोंडातला आवाज ऐकायचा. 'कट्' वाजलं की धान वाळलेलं, 'पच्' वाजलं की ओलं. मग हात वर करून निकाल द्यायचा, "येऊ द्या आत!" नाहीतर, "न्या परत वाळवाले!" तिरोड्याच्या धानगिरणीत मी तेव्हा वजनकाट्यावर होतो. त्याचा हात वर गेल्याशिवाय एकही बैलगाडी माझ्या काट्यापर्यंत पोचत नसे.

सगळे त्याला आजा म्हणत. सत्तरी कधीच उलटली होती. तोंडात दात चार, आणि त्यातले समोरासमोर भेटतील असे दोनच. मालक थट्टेनं म्हणायचे, "आजा, दात सांभाळ. गिरणी त्यावरच चालते." आजाला ते अक्षरशः खरं वाटायचं. लग्नाच्या पंगतीत लाडू कडक निघाला तर तो पंच्यात बांधून घरी आणायचा. का खाल्ला नाही विचारलं तर म्हणायचा, "हे कामाचे दात आहेत, खायाचे नाई."

दुसरं त्याचं वाक्य म्हणजे, "घाबरू नोका, मी आहो ना!" बैल उधळला, छपराचा पत्रा उडाला, इंजिन बंद पडलं, काहीही होवो, आजा समोर जाऊन उभा राहायचा आणि हे सांगायचा. इंजिनातलं त्याला काडीचंही कळत नव्हतं. ते कळायचं त्याच्या मुलाला, डोमा मिस्त्रीला. डोमा गुडघ्यापर्यंत तेलात बुडालेला असायचा आणि आजा त्याच्या डोक्यावर उभा राहून लोकांना धीर देत असायचा. इंजिन सुरू झालं की लोक आजाकडे बघून हसायचे. आजाला वाटायचं, शाबासकी देताहेत.

पहिलं महायुद्ध संपून काही वर्षं झाली होती. आमचं इंजिन बसवून देणारा कारागीर पुढे ब्रह्मदेशात गेला होता. त्यानं रंगूनहून डोमाला पत्र धाडलं: इथं भाताच्या गिरण्याच गिरण्या आहेत, चांगला मिस्त्री हवा आहे, राहायला खोली मिळेल, बायकोला घेऊन ये. डोमाला आणि त्याच्या बायकोला, भागरताला, मूलबाळ नव्हतं. प्रश्न होता तो आजाचा. डोमानं केशोरी गावात दिलेल्या बहिणीला निरोप धाडला, तिनं बापाला ठेवून घ्यायचं कबूलही केलं. फक्त बापाला हे सांगायचं कसं, ते त्याला जमेना. आठ दिवस तो माझ्या काट्याभोवती घुटमळला आणि शेवटी म्हणाला, "बाबू, तुमीच सांगा. तुमचं आयकते तो."

मी सांगितलं. केशोरीचं नाव मात्र माझ्याही तोंडातून निघेना. आजानं दाणा चावताना मिटायचा तसा एक डोळा मिटला.

"डोमा रंगूनले जाऊन रायला?"

"हो."

"एकटा?"

"बायकोसंगं."

"म्हणजे एकटाच. बरं, मी नेतो त्याले."

दुसऱ्या दिवसापासून तो गाडीवानांना सांगू लागला, "मी पोराले ब्रह्मदेशाले घेऊन जाऊन रायलो." डोमा तोंड लपवत फिरे. मग त्यानं बापाला समुद्राचं भय घातलं. चार दिवस आगबोट हलते, भले भले ओकतात, म्हाताऱ्या माणसाचं काम नाही.

"तं पाहून घेऊ," आजा म्हणाला. "बोदलकशाले पाणी कमी आहे का?"

पैज अशी ठरली: आजाला भोवळ आली तर त्यानं मुकाट्यानं मागे राहायचं. रविवारी आम्ही तिघं बोदलकशाच्या तलावावर गेलो. डोमानं डोंगा वल्हवणाऱ्या ढिवराला बाजूला नेऊन त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते डोंगा मधोमध जाताच कळलं. ढिवर दोन्ही काठांवर पाय रोवून उभा राहिला आणि डोंगा पाळण्यासारखा हलवू लागला. मी देवाचं नाव घेतलं. आजा मांडी घालून बसला होता.

"आणखी हालव!" तो ओरडला. "समुद्र एवढासाच असते का गा?"

ढिवरानं आणखी जोर लावला. तेवढ्यात मागून एक चमत्कारिक आवाज आला. वळून पाहतो तो डोमा काठावरून ओणवा झालेला, सकाळचा सगळा भात माशांना परत करत होता.

आजा रांगत त्याच्यापर्यंत गेला. एका हातानं त्याचं कपाळ धरलं, दुसऱ्यानं पाठ चोळू लागला. "होऊ दे, होऊ दे. मी आहो ना."

काठावर आलो तेव्हा डोमा चुन्यासारखा पांढरा पडला होता. आजा ओला पंचा पिळत माझ्याशी बोलल्यासारखं म्हणाला, "पाहा बाबू. अन हा मले केशोरीले ठेवून जाऊन रायला होता."

म्हणजे त्याला ठाऊक होतं. कुणी सांगितलं, कधीपासून ठाऊक होतं, कोण जाणे. डोमा पाण्याशी जाऊन बसला आणि बराच वेळ तोंड धूत राहिला. मग उठून म्हणाला, "चाल बा."

"कोठं?"

"रंगूनले."

"मंग! मी हेच तं म्हणून रायलो इतके दिवस!"

निघाले त्या दिवशी अर्धी गिरणी स्टेशनावर. आजाच्या काखेत धानाची पिशवी होती. मी म्हटलं, "आजा, तिकडं धानाचे डोंगर आहेत." तो म्हणाला, "असतीन. पण वाजते कसं, ते का मालूम?"

पुढचं डोमाच्या पत्रांतून कळलं. कलकत्त्याच्या बंदरावर डॉक्टर एकेकाला तपासत होता. आजाला त्यानं एका नजरेत सोडलं. डोमाला मात्र बाजूला काढलं, कारण नुसतं पाणी पाहूनच तो पिवळा पडला होता. "इसको क्या हुआ?" डॉक्टरनं विचारलं. आजा पुढे झाला. "कुछ नहीं साहब, मैं हूँ ना." डॉक्टर हसला आणि तिघांनाही जाऊ दिलं. चारही दिवस डोमा आडवा होता. आजा सगळ्या बोटीवर फिरून ओकणाऱ्यांना धीर देत होता.

रंगूनला शेजारी एक ब्रह्मी म्हातारा राहायचा. होड्यांतून उतरणारं धान मापणं हे त्याचं काम. आजानं त्याला दुसऱ्याच दिवशी गाठलं. रोज दुपारी दोघं दाराशी चटईवर बसत. हा आपल्या बोलीत बोले, तो ब्रह्मीत. डोमानं लिहिलं, 'बा म्हणतो, मले त्याची भाषा येते. म्हाताऱ्याची धाकटी लेक दूर दिली आहे अन त्याचा उजवा गुडघा दुखतो, असं सांगतो.' पुढच्या पत्रात खुलासा होता. भागरतानं नळावर चौकशी केली होती. लेकीचं खरं निघालं. गुडघा डावा होता.

वर्षभरात डोमालाच गावाची ओढ लागली. परत जाऊ म्हणाला, तर आजा ऐकेना. "आता कायले? मी येथं वळखीचा झालो."

सहा वर्षांनी डोमा आणि भागरता रजेवर आले. मी स्टेशनावर गेलो होतो. दोघं उतरली. पत्र आधीच आलं होतं, मला सगळं माहीत होतं, तरी गाडी हलेपर्यंत मी डब्याच्या दाराकडे पाहत राहिलो.

संध्याकाळी डोमानं सांगितलं. दोन दिवसांचा ताप, त्रास काही झाला नाही. आजा गेल्यावर तिसऱ्या दिवशी तो ब्रह्मी म्हातारा आला, चटईवर आपल्या जागी बसला आणि डोमाला समोर बसवून बोलू लागला. बराच वेळ बोलला. मध्येच हसला, मध्येच डोळे पुसले. डोमा मान हलवत राहिला.

"काय सांगितलं त्यानं?" मी विचारलं.

"का मालूम, बाबू," डोमा म्हणाला. "समजावून सांगाले बा कोठं होता."