येरबा मातेचा काढा

साठ सालच्या आसपासची गोष्ट. आम्ही जयपुरात, तिलक नगरला दोन खोल्यांत राहायचो. हे विम्याच्या हापिसात कारकून, बदली होऊन आलेले. त्यांना टायफॉइड झाला. ताप उतरला, पण भूक गेली ती गेलीच. पेज दोन घोट घेतली की तोंड फिरवायचे. माणूस खाईना, तर उठणार कसा? एवढाच एक घोर मला.

वरच्या मजल्यावर आपल्याकडचेच एक प्रोफेसर. परदेशात जाऊन आलेले. त्यांनी पुडी आणून दिली.

"वहिनी, ही येरबा माते. दक्षिण अमेरिकेत चहासारखी पितात. तरतरी येते, थकवा जातो म्हणतात. थोडी देऊन बघा."

हिरवा पाला, धुरकट वासाचा. सासूबाईंनी पुडी ताब्यात घेतली. औषधी पाला म्हणजे काढा, आणि काढा म्हणजे चार कप पाणी आटवून एक कप, हे आमच्या घरचं ठरलेलं. वर आलं, गूळ. सकाळ-संध्याकाळ पाजला.

तरतरी आली, खरंच आली. हे रात्रभर टक्क जागे. हात थरथरायला लागले. पेजसुद्धा नको झाली. मला वाटलं, आता हा माणूस हातचा जातो.

प्रोफेसर खाली आले, सासूबाईंना विचारू लागले.

"काकू, कसा केलात?"

"चाराचा एक."

प्रोफेसर ओरडलेच. "अहो, तिकडे गरम पाण्यात नुसता भिजवतात! आणि त्यानं भूकही मरते म्हणे. अशक्त माणसाला द्यायलाच नको होता मी. आजच बंद करा."

"मग आधी नाही सांगायचं? आम्ही काय अमेरिकेत नांदलोय?" सासूबाई म्हणाल्या.

काढा बंद केला. उरलेला पाला सासूबाईंनी टाकला नाही. गरम पाण्यात भिजवून स्वतःच प्यायल्या, आणि घरातल्या सगळ्या गोधड्या धुऊन काढल्या.

"आत्याबाई, तुम्हाला बरा मानवला," मी सासूबाईंना म्हटलं.

"गप बस. ह्याच्याकडे बघ."

हे झोपले होते, चक्क घोरत. दुपार कलल्यावर उठले.

"काय केलंयस गं? पिठलं?"

"पिठलं नाही. मऊ भात आहे."

"चालेल. तूप घाल."

खाल्ला. ताटली पुढे केली, "अजून." पातेलं खरवडून वाढलं मी. त्या दिवशी माझ्यापुरता भात उरला नाही. भिंतीला टेकून नुसतं पाणी प्यायले, आणि इतकं हलकं वाटलं की काय सांगू.